तार बोल्ट आवळत नाही

प्रश्न : आजोबांची १९३० ची फोर्ड मॉडेल ए गेली ३५ वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. यंदा इंजिन उतरवलं. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) चारही बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोकं आहेत आणि त्यांतून गंजलेली तार ओवलेली होती. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘ही जुनी पद्धत. स्प्रिंग वॉशर टाका आणि विसरा. तार हवीच असेल तर सेंट्रिंगची बाइंडिंग वायर बांधून देतो.’ काय करावं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा आणि ती बाइंडिंग वायर त्यांच्या हातातून काढून घ्या. सळया बांधायची तार भाजून मऊ केलेली असते. ताण आला की लांबते, दमट जागी गंजते. तिचा तुटका तुकडा फ्लायव्हीलच्या डब्यात नाचायला लागला तर काय होईल, ते मी सांगायला नको. स्टेनलेसची लॉक वायर आणा, ०.८ मिलिमीटरची. विमानांचं आणि रेसिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते.

आता मूळ गोष्ट. तार बोल्ट आवळत नाही. आवळायचं काम पान्याचं, म्हणजे ठरलेल्या जोराला (टॉर्कला) आवळणाऱ्या टॉर्क रेंचचं. इंजिन थरथरतं तेव्हा जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे किंचित घसरतात आणि प्रत्येक घसरणीबरोबर बोल्ट केसभर मागे फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे यंत्रावर करून दाखवलं. त्याच प्रकारच्या चाचणीत स्प्रिंग वॉशरची अब्रू गेली : आडव्या थरथरीपुढे तो जवळपास काहीच रोखत नाही. आपल्याकडे मात्र अजून तो मुठीने वाटला जातो. तारेचं काम एवढंच, की बोल्ट मागे फिरू लागला तर त्याने शेजाऱ्याला ओढावं, आणि ती ओढ शेजाऱ्याला आवळण्याच्या दिशेने बसावी.

ही दिशा मी मार खाऊन शिकलो, म्हणजे अक्षरशः नव्हे. ओझरच्या विमान कारखान्यात नवा लागलो होतो. पहिल्या दिवशी दोन बोल्टांना तार घातली, पीळ असा सुरेख की बघत राहावं. इन्स्पेक्टर साहेब आले, खिशातून कटर काढला, तार कापली, निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी दोन गोल काढले आणि मधून एक तिरकी रेघ ओढली : डाव्या गोलाच्या वरच्या अंगाने निघालेली, उजव्या गोलाच्या खालच्या अंगाला पोचलेली. इंग्रजी एस अक्षराचा मधला भाग. नेहमीचे आटे असतील तर तार अशीच गेली पाहिजे. मी नेमकी उलटी घालत होतो. तशी तार बोल्टाला सुटायला मदत करते, तीही दिमाखात. तो पुठ्ठा पुढे बरीच वर्षं माझ्या टूलबॉक्सच्या झाकणात होता.

तुमच्या मॉडेल एला चार बोल्ट आहेत. चौघांना एका तारेत गुंफू नका, दोन-दोनच्या जोड्या करा. बोल्टांखाली डॉवेल पिना (चाक नेमक्या जागी बसवणाऱ्या गुळगुळीत खुंट्या) धरून ठेवणारी पट्टी असते, ती विसरून जोडणी केली तर सगळं पुन्हा उतरवावं लागेल. आधी मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. भोकं सोयीच्या कोनात आली नाहीत म्हणून बोल्ट जरासा ढिला करणं हा या कामातला सर्वांत मोठा गुन्हा. त्याऐवजी बोल्टांची आपसात अदलाबदल करून बघा, बहुतेक वेळा जमतं. तार पहिल्या भोकातून ओवा, दोन्ही टोकं डोक्याला बिलगून आणा आणि इंचाला सहा ते आठ पीळ द्या. कमी दिले तर तार सैल राहते, जास्त दिले तर ती दमून तुटते. पक्कडीचे दात तारेत रुतवू नका, त्या ओरखड्यापासूनच ती पुढे तुटते. शेवटी अर्धा इंच शेपटी ठेवून आत वळवा, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट फाटेल. काढलेली तार पुन्हा वापरायची नाही, कितीही चांगली दिसो.

आट्यांना लावायचा चिकट द्रव का नको, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच. तो वाईट नाही. पण तो १९५० च्या दशकातला. १९३० साली फोर्डकडे तार होती आणि डोक्याला भोकं पाडलेले बोल्ट होते. शिवाय त्या द्रवाला स्वच्छ, तेलमुक्त आटे लागतात, आणि नव्वद वर्षं तेल प्यायलेल्या इंजिनात ते कुठून आणायचे? क्लच बसवल्यावर हे चार बोल्ट तुम्हाला पुन्हा दिसणारही नाहीत. म्हणून तिथे तारच.

प्रश्न : भोकाचे बोल्ट मिळत नाहीत. साध्या बोल्टांना घरी भोकं पाडली तर चालतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालतील, पण भोक फक्त डोक्यात. दांड्यात किंवा आट्यांत नाही, तिथे बोल्ट कमजोर होतो. हातातल्या ड्रिलने प्रयत्न करू नका. दीड मिलिमीटरची बिटं खारी बिस्किटासारखी तुटतात. उभ्या ड्रिल मशीनवर बोल्ट पक्का धरून, एका सपाट बाजूतून शेजारच्या बाजूत निघेल असं कोपऱ्यातून भोक घ्या आणि तेलाचे थेंब सोडत राहा. दोन्ही तोंडांची धार घासून मोडायला विसरू नका, नाहीतर ती तारेला कापेल. जुन्या अमेरिकन गाडीचे आटे इंची असतात. ‘बसला’ म्हणून मेट्रिक बोल्ट ठोकला तर भोकाचा उपयोगच उरणार नाही.

प्रश्न : शर्यतीच्या मोटरसायकलच्या ऑइल ड्रेन प्लगला (इंजिनातलं तेल काढायच्या बुचाला) तार कशाला लावतात?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्लग सुटला तर तेल तुमच्याच मागच्या चाकाखाली येतं, आणि मग मागून येणाऱ्यांच्या.