तिरपी अक्षरं, सरळ रकाने

प्रश्न : सोसायटीचा हिशेब मी कॉम्प्युटरवर ठेवतो. मुलीने 'लेटर गॉथिक'चा तिरपा फॉन्ट बसवून दिला. अक्षरं कलतात, पण आकड्यांचे रकाने हलत नाहीत. असं कसं? सगळा हिशेबच तिरपा करू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : पत्र वाचताना मला टायपिंग क्लासमधलं मशीन आठवलं. शब्द उठून दिसायला हवा तर मागे येऊन खाली रेघ ओढायची, दुसरी सोय नव्हती. १९६१मध्ये आयबीएम कंपनीचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर आला, त्यात अक्षरांचा गोळा बदलला की वळणही बदलायचं. लेटर गॉथिक त्याच कंपनीच्या टाइपरायटरसाठी रॉजर रॉबर्सन यांनी घडवलं.

यात इंग्रजी 'आय' अक्षराला जितकी जागा, तितकीच 'एम'ला. म्हणून 'एम' अंग चोरून बसतो आणि 'आय'ला वर-खाली आडव्या दांड्या देऊन घर भरावं लागतं. अक्षर तिरपं केलं तरी पुढच्या अक्षरापर्यंतचं पाऊल तेवढंच राहतं. तुमचे रकाने टिकतात ते यामुळे.

नुसतं ढकलून मात्र चांगलं तिरपं अक्षर होत नाही. सरळ 'ओ' उजवीकडे कलवून बघा. वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा जाड होतो, उरलेले दोन बारीक पडतात. ही जाडी हाताने सावरावी लागते आणि माझ्या मते खरं कसब तिथेच आहे. 'एफ'चा माथा शेजारच्या कंसाला टेकतोय का, हेही बघावं लागतं.

सगळा हिशेब तिरपा करू नका, पानभर वाचताना डोळा शिणतो. जमा झालेली रक्कम सरळ ठेवा, येणे बाकी तिरपी. पैसे आले की ती सरळ करा. थकबाकी न शोधता दिसेल. प्रोग्रॅमरही कोडमधल्या टिपा अशाच तिरप्या ठेवतात, कोड सरळ.

एक सांभाळा. लेटर गॉथिकमध्ये देवनागरी नाही. 'चेक वटला नाही' असा मराठी शेरा लिहिलात की कॉम्प्युटर दुसराच फॉन्ट लावतो, त्याची रुंदी जुळत नाही आणि पुढचे आकडे सरकतात. त्यामुळे शेऱ्याचा रकाना शेवटी घ्या आणि तो सरळच ठेवा. बऱ्याच मराठी फॉन्टना तिरपं रूप नसतं, मग तिरपं करायचं बटण दाबलं की अक्षर नुसतं ढकललं जातं.