अश्वगंधा तपासायची आहे, मग बी.एस्सी. सोडू का?

प्रश्न: मी इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र. आजोबा वैद्यकी करायचे, अशक्तपणावर दुधातून अश्वगंधेचं चूर्ण द्यायचे. तिचा गुण मला प्रयोगशाळेत सिद्ध करायचा आहे. घरचे म्हणतात, यात पोट भरणार नाही. बी.एस्सी. सोडून बी.फार्म.ला जाऊ का?

उत्तर: बी.एस्सी. सोडू नकोस. एम.फार्म.साठी बी.फार्म. लागतं, म्हणून बी.एस्सी.नंतर ती वाट तुला नाही. पण रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग नेट ही पात्रता परीक्षा आणि औषधी वनस्पतींच्या रसायनात पीएच.डी., हा रस्ता खुला आहे.

मात्र गुण सिद्ध करायचाच असं ठरवून प्रयोगशाळेत जाऊ नकोस. आजोबांवरची तुझी माया पत्रात दिसते आणि ती मोलाची आहे, पण तपासणाऱ्याने निकाल आधी धरून चालत नाही. हातातली वस्तू खरंच काय आहे, इथून सुरुवात होते. आपल्या नीमचच्या मंडीत अश्वगंधेचे ढीग येतात. औषध म्हणून वापरायचं ते मूळ. विथाफेरिन-ए हे अश्वगंधेतलं एक रसायन पानांत जास्त असतं, म्हणून मुळाच्या अर्कात पानं मिसळली की रिपोर्टमधला त्याचा आकडा छान दिसतो आणि औषध मात्र बदललेलं असतं. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं. ही लबाडी पकडणं, एचपीटीएलसीच्या, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीच्या, पट्टीवर मूळ आणि पान वेगळं ओळखणं, शिसं १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत आहे ना ते बघणं, याला मी फार मोठं काम मानतो. शेवटी ते चूर्ण कुणाच्या तरी पोटात जाणार असतं.

रोगावर गुण येतो का, हा प्रश्न निराळा आणि लांबचा. त्याला प्राण्यांवरचे प्रयोग, नैतिक समितीची परवानगी, माणसांवरच्या नोंदणीकृत चाचण्या लागतात. एकट्या रसायनतज्ज्ञाचं ते काम नव्हे. सर्पगंधा या दुसऱ्या औषधी वनस्पतीचंच बघ. रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकींनी १९३१ मध्ये तिच्यातली अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, वेगळी केली. रक्तदाबावरचा तिचा परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी रुग्णांवर पाहून १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला. रक्तदाब उतरवणारं तिच्यातलं द्रव्य, रिसर्पिन, हाती लागलं ते १९५२ मध्ये. यातलं कोणतं काम तुला रोज करायला आवडेल, ते आधी स्वतःला विचार. पत्रावरून मला तरी तू रसायनाच्या टेबलाशी रमणारी वाटतेस.

पोटाचं म्हणशील, तर औषधातले घटक मोजणारं एचपीएलसी हे यंत्र नीट चालवणाऱ्या हातांना इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औषध कारखान्यांत काम मिळतं. आयुर्वेदिक औषधं तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत रसायनतज्ज्ञ, वनस्पतितज्ज्ञ आणि आयुर्वेदाचा पदवीधर असे तिघेही लागतात. त्यातले दोन विषय तू आत्ताच शिकते आहेस. घरी हे शांतपणे सांग, आणि ते पीएच.डी.च्या लांबीला घाबरत असतील तर एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षं नोकरी करायला काहीच हरकत नाही.

या सुट्टीत इंदूरच्या सियागंज बाजारातल्या तीन-चार दुकानांतून अश्वगंधेची मुळं आण. प्रत्येक पुडीवर दुकान आणि तारीख लिही. ओळख वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून पक्की करून घे, मग कॉलेजच्या भट्टीत मुळं जाळून राख काढ. औषधांची मानकं देणाऱ्या आयुर्वेदिक फार्माकोपिया या ग्रंथानुसार एकूण राख ७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आम्लात न विरघळणारी १ टक्क्यापेक्षा जास्त नको. त्याहून जास्त निघाली, तर बहुधा मुळांबरोबर मातीही तोलली गेली आहे. प्रत्येक नमुना तीनदा तपास आणि आकडे मला कळव.