डाउन सिंड्रोम असलेल्या २६ वर्षांच्या भावाला घोड्यांसोबत काम शिकवता येईल का? आम्ही साताऱ्यात राहतो.

नक्की येईल, आणि त्यासाठी घोड्यावर बसायलाच हवं असं नाही. खरं शिकणं जमिनीवरच होतं: खरारा करणं (ब्रशने अंग साफ करणं), पाणी दाखवणं, चंदी (घोड्याचं धान्य) मोजून घालणं, लगाम धरून शेजारून चालवणं. कामांचा क्रम रोज तोच ठेवा. घोड्याला थेट पाठीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जायचं. घोड्याने कान मागे पाडले की थांबायचं. हे भावाला स्वतःला ओळखू द्या. तो मोठा माणूस आहे, प्रत्येक वेळी हात धरून करून देऊ नका.

बसवायचंच असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना मान दाखवा. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात आणि धक्क्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. हे अजिबात टाळू नका.

पाचगणीच्या टेबल लँडवर घोडे आहेत, पण सुट्टीच्या गर्दीत शिकणं जमणार नाही. आडवारी एखाद्या घोडेवाल्याला भेटा, त्याच्या तबेल्यावर सकाळचा तासभर मागा. घोडा वयस्क, शांत निवडा. पहिले काही दिवस भावाने नुसतं पाहिलं तरी चालेल.