"त्याने मुद्दामच कट मारला!"

"घरी अगदी शांत असतात हो, पण स्टिअरिंग हातात आलं की वेगळेच होतात." पुण्यात समुपदेशन करताना हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. कधी आई येते, तिची काळजी बाइकवरच्या मुलाची असते. कुणी कारवाल्याने हॉर्न दिला की हा मुलगा पुढे जाऊन मुद्दाम बाइक आडवी घालतो. कारवाले म्हणतात, टू-व्हीलरवाले कुठूनही घुसतात. टू-व्हीलरवाले म्हणतात, कारवाल्यांना रस्ता स्वतःचाच वाटतो. म्हणून एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत बदलून, इथे सांगते.

हे गृहस्थ चाळिशीतले, रोज कारने हिंजवडीला जाणारे. सिंहगड रोडवर एका मुलाच्या बाइकचं हँडल लागून त्यांच्या कारचा आरसा दुमडला. मुलगा थांबला नाही. यांनी पाठलाग केला, कार आडवी घातली आणि उतरून त्याची कॉलर धरली. मागच्या सीटवर यांचा सात वर्षांचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी त्याने शाळेच्या व्हॅनच्या खिडकीतून एका स्कूटरवाल्या आजोबांना बाबांचीच शिवी दिली, तेव्हा बायको यांना घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, चूक त्याची आणि समुपदेशन माझं?"

"चूक त्याची होती, मान्य. आरशाचं नुकसान झालं म्हणून एवढा राग आला का?"

"आरशाचं काय, हाताने सरळ होतो. पण त्याने वळूनही पाहिलं नाही! म्हणजे मुद्दामच ना? मला खिजगणतीतच धरलं नाही त्याने."

माझं सगळं लक्ष या उत्तरावर खिळलं. दुमडलेल्या आरशापायी कुणी भर गर्दीत पाठलाग करत नाही. पाठलाग करायला लावतो तो 'मुद्दाम' हा निष्कर्ष आणि त्याला चिकटलेला हट्ट, की मला कुणीही कमी लेखता कामा नये. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर तयार झालेली समुपदेशक आहे, कि. मो. फडके यांनी ते मराठी माणसापर्यंत पोचवले. घटना आणि संताप यांच्यामध्ये आपलं स्वतःचं एक वाक्य असतं, ते सापडलं की काम सुरू होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते चूक आहे असं मी सांगून उपयोग नसतो. ते ज्याचं त्याने तपासावं लागतं.

म्हणून एक गृहपाठ दिला. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कारमध्ये बसायचं, मान न वळवता फक्त आरशांत आणि समोर पाहायचं. बायकोने बंद स्कूटर ढकलत मागून डाव्या बाजूने पुढे यायचं. ती दिसते तोवर "दिसतेस" म्हणत राहायचं.

पुढच्या वेळी ते आले ते बसल्या बसल्या सांगू लागले. "मागच्या डाव्या दाराशी आली आणि गायबच झाली, मॅडम. ती हाका मारतेय आणि आरशात कुणी नाही." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे मी आजवर किती जणांना दाबलं असेल. आणि त्यांना वाटलं असेल, हा मुद्दाम करतोय."

"त्यातल्या एखाद्याने तुमची कॉलर धरली असती तर काय म्हणाला असतात?"

"दिसलाच नाहीस रे बाबा, म्हटलं असतं." मग बराच वेळ गप्प. "तो मुलगाही म्हणाला होता, काका, लागलेलं कळलंच नाही."

हे वाक्य त्यांनी तोवर एकदाही सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. 'मुद्दाम' ठरल्यावर ते ऐकू येणंच बंद झालं होतं. समजुतीच्या चार गोष्टी सांगून हे वाक्य कधी बाहेर आलं नसतं. ते त्यांचं त्यांनाच आठवलं, याचं मला आजही समाधान आहे.

पुढे त्यांनी रास्त प्रश्न विचारला, "पण राँग साइडने येणारे मुद्दामच येतात. त्यांना सोडून द्यायचं?" मी म्हटलं, नंबर टिपून, शक्य झाल्यास पोलिसांना कळवा. पण शिक्षा करायला जाऊ नका. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. तुम्ही 'धडा शिकवायला' कार आडवी घालता, तेव्हा दुचाकीवाल्याभोवती पत्रासुद्धा नसतो. सगळ्यांनी नियम पाळावेत ही इच्छा जरूर ठेवा. पाळलेच पाहिजेत, नाहीतर मी सहन करणार नाही, इथे ब्रेक लावा.

बाइकवरच्या मुलांनाही सांगते: कारवाल्याचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. त्या जागेत रेंगाळू नका, मागे राहा किंवा नीट पुढे निघा. कुणी पाठलाग करत असेल तर निर्जन रस्त्याला वळू नका, पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीपाशी थांबा आणि ११२ लावा.

आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्यांनी ऐन रागात "शांत व्हा" म्हणू नये. त्याला ती दुसऱ्या पक्षाची वकिली वाटते. "मला भीती वाटतेय, सावकाश घ्या" एवढं म्हणा. बाकीचं घरी, जेवणं झाल्यावर बोला, आणि मुलाला समोर बसवून बोला. शिवी त्याने ऐकली आहे, तर तिच्याबद्दलचं बोलणंही त्याला ऐकू द्या.