घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी ख्रिस्ती वाचन कसे निवडावे?

दहा आणि तेरा वर्षांच्या मुलांना घरी शिकवणाऱ्या मराठी ख्रिस्ती पालकांनी परदेशी अभ्यासक्रमाचा महागडा संच घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, संपूर्ण संच घेण्यापूर्वी आपल्याच भाषेतील कपाट उघडावे. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मोठ्या मुलासमोर मोठ्याने वाचा. सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांचे वर्णन ऐकताना तो हसेल, आणि १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली दोघांची ताटातूट वाचताना श्रद्धेची किंमत घरातल्या माणसांनाही कशी मोजावी लागते, हे त्याला कोणी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गोव्यातील इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’तील, म्हणजे बायबलची कथा मराठीत सांगणाऱ्या काव्यातील ओव्या मात्र मुलांना एकट्याने झेपणार नाहीत, मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्या पाठ करून घेतल्या तरी पुरे. धाकट्याला सचित्र बायबलकथा द्याव्यात, पण प्रत्येक गोष्टीखाली बोधवाक्य छापणारी पुस्तके टाळावीत. गणित आणि विज्ञानासाठी बालभारतीची पुस्तके उत्तम असून ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी द्यायची असल्यास किमान वय १४ लागते, त्यामुळे थोरल्याचे विषय आताच ठरवावेत.