‘श्रद्धा’ म्हणजे ‘पुराव्याविना मानणं’ नव्हे

प्रश्न : देव आहे की नाही, यावर आमच्यात वाद चालला होता. एकाचं म्हणणं असं की ‘श्रद्धा’ या शब्दाचा अर्थच मुळी पुराव्याविना मानणं असा आहे, त्यामुळे ‘अंधश्रद्धा’ ही द्विरुक्ती झाली. दुसरा म्हणाला, विज्ञानवाद्यांचीही विज्ञानावर श्रद्धाच असते. भाषेच्या अंगानं कोणाचं बरोबर?

उत्तर : दोघांचंही चूक, आणि दोन्ही विधानं इतक्यांदा कानावर आली आहेत की आता राहवत नाही. ‘पुराव्याविना’ हा अर्थ या शब्दाच्या कुठल्याही अवयवात नाही. तो वाद घालणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी त्याला चिकटवला आहे. नास्तिकांना तो हिणवायला बरा पडतो, आस्तिकांना पळवाट म्हणून.

आदर, निष्ठा, भक्ती हे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील. ते सोडून देतो आणि थेट ऋग्वेदातल्या एका ऋचेकडे येतो. दुसऱ्या मंडलातलं बारावं सूक्त इंद्राचं आहे. त्यातली पाचवी ऋचा म्हणते : ‘यं स्मा पृच्छन्ति कुह सेति घोरम् उतेमाहुर्नैषो अस्तीत्येनम्’. ज्या भयंकराविषयी लोक विचारतात ‘कुठे आहे तो?’ आणि म्हणतातही की ‘हा नाहीच’. त्याच ऋचेचा शेवट असा : ‘श्रदस्मै धत्त स जनास इन्द्रः’.

इथे थांबून पाहा. ‘श्रत्’, मग ‘अस्मै’, मग ‘धत्त’. श्रद्धा या शब्दाचे दोन तुकडे सुटे पडले आहेत आणि मधे ‘याच्या ठायी’ असं सर्वनाम बसलं आहे. शब्द अजून जोडला जातो आहे, सांधा उघडा आहे, आणि आपण तो डोळ्यांनी पाहतो आहोत. एका बाजूला ‘न एषः अस्ति’, म्हणजे पुढे ज्यातून नास्तिक हा शब्द घडला ती पदं, आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धेचे सुटे भाग. अख्खा वाद एका ऋचेत मावला आहे.

(जाता जाता : नास्तिक म्हणजे न + आस्तिक, ही फोड कृपा करून सोडा. तशी असती तर शब्द ‘अनास्तिक’ झाला असता. पाणिनीनं ४.४.६० या सूत्रात ‘अस्ति’ आणि ‘नास्ति’ यांपासून हे दोन शब्द वेगवेगळे साधले आहेत. ‘आहे’ असं मत असलेला तो आस्तिक, ‘नाही’ असं मत असलेला तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही? पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका ‘काशिका’, तिचे कर्ते उत्तर देतात : परलोक. देवाचा तिथे उल्लेखही नाही.)

आता ‘धा’ म्हणजे ठेवणं, यावर वाद नाही. ‘श्रत्’ म्हणजे काय? निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात ते सत्याच्या नावांत दिलं आहे, आणि तिथून ‘सत्य धारण करते ती श्रद्धा’ ही व्युत्पत्ती प्रवचनांतून आणि कोशांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. मला ती पटत नाही. ती शब्दाच्या रूढ अर्थावरून मागे जाऊन केलेली अटकळ आहे. श्रद्धेची भावंडं दूरदेशी सापडतात. पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातलं, म्हणजे अवेस्तातलं ‘झ्रझ्दा’, लॅटिनमधलं ‘क्रेदो’ आणि जुन्या आयरिशमधलं ‘क्रेतिद’ एकाच घरातली. आपण रोज वापरतो ते ‘क्रेडिट’ही त्याच लॅटिन क्रियापदाचं अपत्य, म्हणजे श्रद्धेचं रक्ताचं नातलग. अनेक भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांच्या मुळाशी एकच जोडी पाहतात : ‘हृदय’ आणि ‘ठेवणं’. लॅटिनमध्ये हृदयाला ‘कोर’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘कार्दिआ’, आणि ‘श्रत्’ हा त्यांचाच आपल्याकडचा अवशेष.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांना हे हृदय मान्य नव्हतं. संस्कृतात हृदयाला ‘हृद्’ म्हणतात, तिथे ‘ह’ आहे, ‘श’ नाही. त्यांच्या मते ‘श्रत्’ म्हणजे देवाकडे ठेवलेली एक प्रकारची ठेव किंवा तारण, ज्याची परतफेड अपेक्षित असते. माणूस मोठा, पण इथे त्यांनी उगाच घाई केली. अनियमित आहे तो ‘हृद्’चा ‘ह’ : लॅटिन-ग्रीकमधल्या अशा ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’च यायला हवा होता. हृदयाचा मूळ शब्द भारत-इराणी शाखेत वाकडा गेला, आणि गोठलेल्या जोडशब्दात अडकलेलं ‘श्रत्’ मात्र जुना उच्चार सांभाळून बसलं. भाषेत असं होतंच : सुटा शब्द बदलतो, जोडशब्दातला तसाच राहतो. आणि ज्या कवींची ही भाषा होती त्यांना हृदय आठवत होतं, याचा दाखला ऋग्वेदातल्या श्रद्धासूक्तातच आहे. १०.१५१.४ मध्ये म्हटलं आहे, ‘श्रद्धां हृदय्ययाकूत्या’, हृदयातल्या संकल्पानं श्रद्धा मिळते. हे शब्द शेजारीशेजारी योगायोगानं आले असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.

तरी बेन्व्हेनिस्तांचा अर्धा मुद्दा मी घेतो. २.१२.५ मध्येच ‘श्रदस्मै धत्त’च्या अगदी आधी म्हटलं आहे की इंद्र शत्रूची समृद्धी ‘विज इव’ कमी करतो. ‘विज’ म्हणजे जुगारात पणाला लावलेलं धन, असा अर्थ आजचे बरेच अभ्यासक घेतात. म्हणजे पणाची उपमा, आणि लगेच ‘श्रत् ठेवा’. माझं मत असं की कवीच्या मनात दोन्ही होतं : हृदय, आणि ते पणाला लावणं. यासाठी मराठीत आयता वाक्प्रचार आहे : जीव लावणं. ‘श्रदस्मै धत्त’ याचं मला पटलेलं मराठी म्हणजे ‘याला जीव लावा’.

शिवाय मराठीनं आणखी एक गोष्ट केली आहे. ‘धा’ शब्दात विरघळून गेला, कुणाला दिसेना, तेव्हा आपण त्याच अर्थाचं क्रियापद बाहेरून पुन्हा जोडलं : श्रद्धा ठेवणं. विश्वास, भरवसा, भाव हे सगळं आपण ठेवतोच. उलट अनुमान काढतो, तर्क लढवतो, पुरावा देतो. श्रद्धा आणि तर्क यांच्यातला फरक मराठीची क्रियापदं रोज सांगत असतात, फक्त वाद घालणारे ऐकत नाहीत.

यावरून तुमच्या दुसऱ्या मित्राकडे येतो. वैज्ञानिक जे करतो त्याला मराठीत ‘गृहीत धरणं’ म्हणतात. धरलेलं सोडता येतं. १८४६ मध्ये न्यूटनच्या नियमांवरून ल व्हेरिये यांनी नेपच्यूनची जागा गणितानं सांगितली आणि ग्रह तिथे सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतली एक लहानशी तफावत त्यांच्या लक्षात आली. नंतरच्या मोजणीत ती शतकाला सुमारे ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एवढी निघाली. तिच्यासाठीही त्यांनी एक नवा ग्रह सुचवला. तो काही सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गणितातून त्या ४३ विकला जशाच्या तशा निघाल्या, आणि न्यूटनची पकड तेवढ्यापुरती सैल केली गेली. न्यूटनवर जीव ठेवला असता तर ४३ विकलांसाठी तो कुणी काढून घेतला नसता. इतरांनी केलेल्या मोजमापांवर आपण विसंबतो, त्याला खुशाल विश्वास म्हणा. तो शब्द ‘श्वस्’ धातूचा : धास्ती न बाळगता श्वास घेता येणं. श्रद्धा म्हणू नका.

राहिली अंधश्रद्धा. ऋग्वेदात आणखी एक संशयी आहे. ८.१००.३ मध्ये नेम म्हणतो : ‘नेन्द्रो अस्ति... क ईं ददर्श, कमभि ष्टवाम’. इंद्र नाहीच, त्याला पाहिलंय कुणी, आम्ही स्तुती करायची कुणाची? (‘नेम’ हे ऋषीचं नाव की नुसतं ‘कुणीतरी’, यावर मतभेद आहेत.) हा चक्क पुराव्याचा प्रश्न आहे, आणि त्याला कुणी ‘गप्प बस, श्रद्धा ठेव’ म्हणून उडवून लावत नाही. २.१२ च्या कवीनंही ‘जीव लावा’ म्हणण्याआधी इंद्राची कामं मोजून दाखवली होती : डळमळती पृथ्वी स्थिर केली, अही या सर्पाला मारून सात नद्या मोकळ्या केल्या, वल या असुराच्या गुहेतून गाई बाहेर काढल्या. तो पुरावा आज तुम्हाआम्हाला पुरेल की नाही, हा वेगळा वाद. पण द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

नेमाला उत्तर द्यायला तर पुढच्याच ऋचेत इंद्र स्वतः येतो : ‘अयमस्मि जरितः, पश्य मेह’. हा मी आहे, गायका, इथे पाहा माझ्याकडे. ‘पश्य’ म्हणणाऱ्या देवावरची श्रद्धा आणि डोळे मिटून ठेवलेली श्रद्धा यांना वेगवेगळी नावं लागणारच. ‘अंध’ हे विशेषण त्यासाठीच आहे. द्विरुक्ती नाही.