निवृत्त वडिलांसाठी तीन हजारांत काय घ्यावं, ब्लूटूथ स्पीकर की फिटनेस बँड?

तुम्ही लिहिलंय की वडील नुकतेच निवृत्त झालेत, साखरेची गोळी चालू आहे, सकाळी नेमाने फिरायला जातात आणि संध्याकाळी अभंग, जुनी गाणी ऐकतात. तुमच्या जागी मी असतो तर स्पीकर घेतला असता. मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात काम करतो, दोन्ही वस्तू रोज विकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बँडचा विचार तुमच्या मनात त्यांच्या काळजीपोटी आलाय, तेव्हा आधी साखरेचंच बोलू. काही स्वस्त घड्याळांच्या खोक्यावर रक्तातली साखर मोजण्याचा दावा असतो. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर बजावलं होतं की त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तिने मान्यता दिलेली नाही. असला आकडा बघून कोणी गोळी कमी-जास्त केली तर जिवावर बेतू शकतं. मनगटावर हवेचा पट्टा न फुगवता रक्तदाब दाखवणाऱ्या स्वस्त बँडवरही औषधपाणी ठरवू नये.

मग बँड नीट काय करतो? पावलं मोजतो आणि नाडी दाखवतो. पावलं तो हाताच्या हालचालीवरून ओळखतो. त्यामुळे हात खिशात असेल किंवा भाजीची पिशवी धरलेली असेल तर काही पावलं सुटतात आणि खड्ड्यांतून स्कूटर नेली की काही फुकटची मिळतात. नाडीसाठी मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, तो फरक मोजला जातो. शांत बसलेल्या माणसाची नाडी बहुधा ठीक येते. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला की आकडा भरकटतो. झोपेचे तास साधारण कळतात, पण गाढ झोप किती आणि हलकी किती, हा मनगटावरून बांधलेला अंदाज असतो.

आणि वडील स्मार्टफोन खिशात ठेवून फिरत असतील तर पावलं तो फोनही मोजतो, वेगळे पैसे न घेता. दहा हजार पावलांच्या आकड्यामागेही धावू नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र खपवताना रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून पाच दिवस. जो माणूस मुळात नेमाने चालतो, त्याला बँड नवं फारसं काही देत नाही. उलट चार्जिंग, ॲप, अपडेट, फोनशी तुटलेलं कनेक्शन ही कामं मागे लागतात. ती निस्तरायला तुम्ही घरी असाल का, याचा विचार करा.

स्पीकर मात्र ते पहिल्या दिवसापासून वापरतील. घेताना खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. दहा वॅटचे वीस केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला तो किंचितच जास्त वाटतो. अभंगाला गळा स्वच्छ ऐकू येणं महत्त्वाचं. या किमतीतले बरेच स्पीकर धडधडत्या बाससाठीच बनवलेले असतात, त्यात शब्द बुडतात. म्हणून दुकानात विक्रेता लावेल त्या गाण्यावर निर्णय घेऊ नका. फोनमध्ये वडिलांचा आवडता अभंग घेऊन जा आणि आवाज निम्म्यावर ठेवून ऐका. पखवाज आणि टाळांमधून शब्द ओळखू येतात का, तेवढं बघा. स्टिरिओसाठी दोन स्पीकरची जोडी घ्यायची गरज नाही. जुन्या काळची बहुतेक रेकॉर्डिंग मोनोच आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज.

माझा सगळ्यात जास्त आग्रह पेनड्राइव्हची खाच, एफएम रेडिओ आणि हाताला लागणारी खरी बटणं यांसाठी आहे. एकदा गाणी भरून दिली की त्यांना फोन लागतच नाही आणि गाणं चालू असताना मध्येच कोणाचा फोन येऊन ते तुटत नाही. काही स्पीकरच्या खोक्यावर आयपीएक्स७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. घरात वापरायच्या स्पीकरसाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजू नका. चार्जिंगला सी-टाइप पिन असेल तर उत्तम, घरातला फोनचा चार्जर चालतो.

दीड हजाराच्या आसपास चांगला स्पीकर बसला, तर उरलेल्या पैशांत दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घ्या. मधुमेह असलेल्या माणसाने रक्तदाबावर लक्ष ठेवायलाच हवं, आणि त्यावरचे आकडे डॉक्टरांना दाखवता येतात. पट्टा त्यांच्या दंडाच्या मापाचा आहे ना, ते खरेदीच्या वेळीच तपासा.

वडील स्वतःहून चालण्याची नोंद वहीत ठेवणारे असतील, आकड्यांत रमणारे असतील, तर माझं मत उलट आहे. मग बँडच घ्या, मोठ्या अक्षरांचा आणि मराठी किंवा हिंदी दाखवणारा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर बांधायला सांगा आणि रोज आंघोळीनंतर त्याखालची त्वचा कोरडी करायला लावा, नाहीतर ओल आणि घामाने पुरळ येऊ शकते.